तिसरा माईक

रेखा गेल्यानंतर तिच्या बँडनं पहिला कार्यक्रम केला तो सोहारच्या एका पोलाद कारखान्यात. तो ठरवून दिला होता देविकानं. मस्कतमध्ये कंपन्यांच्या समारंभांना गाणारे-वाजवणारे मिळवून देणं हा तिचा व्यवसाय होता. तिथल्याच मदिनत सुलतान काबूस भागातल्या घराच्या एका खोलीत तिचं ऑफिस होतं. तेलाच्या आणि ड्रिलिंगच्या कंपन्यांत तेव्हा, म्हणजे दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराला, अमेरिकन साहेब बरेच होते. त्यांना वार्षिक समारंभात कंट्री म्युझिक हवं असायचं. गिटार, हॅट, आणि मागे राहिलेल्या घराची, नदीची, वाट बघणाऱ्या माणसाची गाणी. ओमानात ते गाणारे फार थोडे, आणि त्यांत सगळ्यांत मागणी रमण आणि रेखा या नवरा-बायकोला.

रमण मूळचा सावंतवाडीचा. शेजारच्या ख्रिश्चन घरात गिटार शिकलेला. मस्कतला इंजिनीयर म्हणून आला आणि ऑफिसातल्या अमेरिकन मित्रांच्या नादानं या गाण्यांत रमला. रेखा पुण्याची, लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकलेली. मुख्य गाणं ती म्हणत नसे. रमणच्या आवाजाच्या वर दुसरा सूर धरायची. त्या सुरावर ती थेट कधी जायची नाही. खालून अलगद घसरत चढायची, मींड घ्यावी तशी. "पुण्याच्या बाईंनी लावलेलं वळण, ते कसं जाणार," म्हणून हसायची. ऐकणारे त्या जागेची वाट बघायचे.

देविकाची ती जिवाभावाची मैत्रीण. मस्कतच्या वादी कबीर भागात शाळेबाहेर गाडी लावून मुलीची वाट बघत असताना रेखाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी रमणचाच फोन आला. "आम्ही तिघं वाजवू. मी, बास गिटारवाला आणि ड्रमर. काम असेल तर सांग." देविकानं काम दिलं, पण ती स्वतः मात्र गेली नाही. रेखा नसलेलं ते स्टेज तिला बघवलं नसतं.

सोहारच्या कार्यक्रमानंतर कारखान्यातून रहिमाचा फोन आला. ही तिथली ओमानी एचआर अधिकारी, देविकाची जुनी ओळखीची.

"सगळं उत्तम झालं," रहिमा इंग्रजीत म्हणाली. "फक्त त्या बाईंचे आभार मानायचे राहून गेले. त्या कधी निघून गेल्या कळलंच नाही."

"कोण बाई?"

"गाणाऱ्या. दिसल्या नाहीत आम्हाला, स्टेजच्या आड असतील. पण आवाज काय सुंदर होता."

देविकाला वाटलं, रमण रेखाचं जुनं रेकॉर्डिंग लावत असणार. तिला ते लागलं. पण ज्याची बायको गेली त्याला याबद्दल काय विचारायचं.

पुढच्या महिन्यात एका ड्रिलिंग कंपनीच्या अमेरिकन मॅनेजरनं तेच सांगितलं. तो टेक्सासचा होता, या गाण्यांवरच वाढलेला. "ती बाई सुरावर खालून चढते," तो म्हणाला. "असं मी आमच्याकडेही कधी ऐकलं नाही. पुढच्या वेळीही ती असेलच, असं बघा." मग आणखी एका कंपनीनं बुकिंग करतानाच विचारलं, की बँडसोबत त्या बाई येणार आहेत ना.

देविका बंटीला भेटायला गेली. बंटी सगळ्या कार्यक्रमांचा साउंडवाला. वादी कबीरच्या गॅरेजांच्या ओळीत त्याचा गाळा होता. तिथे स्पीकर आणि केबलच्या वेटोळ्यांमध्ये बसून तो सोल्डरिंग करत होता.

"रेखाचं रेकॉर्डिंग लावतोस तू?" तिनं सरळ विचारलं.

बंटीनं हातातलं काम खाली ठेवलं. "नाही मॅडम. रेकॉर्डिंग असतं तर बरं झालं असतं."

"म्हणजे?"

"रमणसर सांगतात, तिसरा माईक लाव, तिच्या जागेवर. मला वाटलं, ठीक आहे, याद म्हणून. मी लावतो. एकदा गडबडीत केबल जोडायचीच राहिली. गाणं चालू झालं तर मिक्सरवर त्या माईकच्या चॅनलचे दिवे नाचायला लागले. हिरवे, मधेच पिवळे. माणूस गायला लागला की नाचतात तसे. मी खाली वाकून बघितलं. केबल माझ्या पायाशी पडलेली."

"तुला ऐकू येतं?"

"येतं. पण मी कार्यक्रम रेकॉर्ड करतो ना, त्यात येत नाही. त्यात सर एकटेच गातात, आणि मधे मधे जागा सोडतात." त्यानं तिच्याकडे बघणं टाळलं. "मी कोणाला बोललो नाही. सर खूश दिसतात, मॅडम. आपण काय बोलायचं."

त्याच संध्याकाळी देविका रमणच्या घरी गेली. दार यशश्रीनं उघडलं. रेखाची मुलगी, तेरा वर्षांची, आईचेच डोळे. घर स्वच्छ होतं, पण राहतं वाटत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर हॉटेलातून आलेले डबे तसेच. रमण आत गिटारच्या तारा बदलत बसला होता. तो बारीक झाला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रवासाला निघालेल्या माणसाची लगबग होती.

देविकानं विषय काढताच त्यानं मान हलवली, जणू तो याचीच वाट बघत होता.

"तू ऐकलं नाहीस अजून," तो म्हणाला. "ये एकदा. पहिल्या कडव्याला नसते ती. दुसऱ्यापासून येते. मी थोडा आवाज कमी करतो, जागा करून देतो, की येते."

"घरी वाजवलंस तर?"

"घरी नाही येत. माणसं लागतात. स्टेज लागतं." तार पिळता पिळता तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणून सांगतो, देविका, मिळेल ते काम घे. पार दक्षिणेला सलालापर्यंत जाईन मी. रमजान महिन्यात कार्यक्रम नसतात, तो महिना कसा काढायचा तेच कळत नाही मला."

देविकाला भीती वाटली, आणि भीतीच्या तळाशी लाज वाटावी इतकी हाव वाटली. आपल्यालाही ती ऐकू येईल.

ती निघाली तेव्हा यशश्री लिफ्टपर्यंत सोडायला आली. लिफ्ट आली तरी तिनं दार धरून ठेवलं.

"देविका मावशी, तू येणार पुढच्या शोला?"

"येईन म्हणते."

"मी जाते नेहमी बाबासोबत. फ्रंट रोमध्ये बसते." मराठी शब्द ती एकेक शोधून बोलत होती. "सगळ्यांना आई ऐकू येते. बंटी अंकलला. अनोळखी लोकांना पण. मला नाही येत. ती माझ्यावर रागावली आहे का? त्या दिवशी मी लेट आले होते. स्कूलच्या गेटवर. ती वेट करत होती."

देविकानं तिला जवळ घेतलं. "नाही गं. असं नसतं." पण कसं असतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. "बाबाला सांगितलंस?"

"त्याला वाटतं मला येतं ऐकू. तो किती हॅपी असतो तेव्हा."

पुढचा कार्यक्रम मस्कतबाहेर बरका गावाजवळ समुद्रकाठच्या हिरवळीवर होता. कंपनीचा कौटुंबिक मेळावा, दुपार कलल्यावर. मुलं फुगे घेऊन पळत होती, तंबूत जेवणाची मांडामांड चालली होती. देविका पहिल्या रांगेत यशश्रीच्या शेजारी बसली. स्टेजवर तिघंजण, आणि रमणच्या डाव्या हाताला कोणी नसलेला एक माईक. वाऱ्यानं तो किंचित हलत होता.

पहिलं कडवं रमणनं एकट्यानं म्हटलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला त्यानं आवाज खाली घेतला, मान थोडी डावीकडे कलवली. आणि सूर आला.

खालून आला, घसरत, सावकाश, आणि त्याच्या आवाजाच्या वर जाऊन स्थिरावला. देविकाच्या अंगावर काटा आला. शंकेला जागाच नव्हती. गणपतीत, गाडीत, तिच्याच स्वयंपाकघरात भांडी पुसताना शंभरदा ऐकलेला आवाज. तो फार जवळ होता आणि त्याला श्वास नव्हता. ओळ संपल्यावर गाणारा दम घेतो, तो दम कुठेच ऐकू येत नव्हता. मागच्या खुर्च्यांवरची माणसं बोलायची थांबली होती. एका बाईनं नकळत डोळे पुसले.

देविकानं वळून बघितलं. यशश्री स्टेजकडे बघतच नव्हती. ती देविकाचा चेहरा बघत होती.

"आली ना?" तिनं विचारलं.

खोटं बोलणं शक्य नव्हतं. देविकानं मान हलवली.

"काय गाते? मला सांग."

देविकाला गाता येत नसे. मंडळाच्या आरतीतही ती नुसते ओठ हलवायची. पण ती वाकली, मुलीच्या कानाशी तोंड नेलं, आणि ऐकू येईल तसं, मागून मागून, बेसूर, पुटपुटल्यासारखं म्हणू लागली. यशश्री डोळे मिटून ऐकत राहिली. मधेच ती म्हणाली, "नाही मावशी, तिथे आई अशी डायरेक्ट नाही जायची," आणि मग तिला रडू फुटलं. आवाज न करता, खांदे गदगदत.

रमणनं ते स्टेजवरून पाहिलं. गाणं त्यानं पुरं केलं. पण पुढचं सुरू केलं नाही. बासवाल्याला खूण करून तो खाली उतरला, आणि मुलीसमोर गवतावर गुडघे टेकून बसला.

"काय झालं, यशू?"

"मला नाही ऐकू येत, बाबा. एकदा पण नाही आली."

त्याचा चेहरा कसा झाला, ते देविकाला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. इतके महिने तो मुलीला शेजारी बसवून, आपण तिला तिची आई देतोय, असं समजत होता.

त्यानंतर त्यानं सगळी कामं सोडली. फक्त सोहारच्या कारखान्याला त्यानं आधी शब्द दिला होता, तेवढं एक करायचं ठरलं. देविका बापलेकीच्याच गाडीतून गेली. कारखान्याच्या हिरवळीवर बंटीनं नेहमीसारखे तीन माईक मांडले होते. रमणनं तिसरा उचलला, स्टँडसकट बाजूला नेऊन आडवा ठेवला.

"सर?" बंटी म्हणाला.

"आज नको."

ऊन उतरत होतं. कामगार, इंजिनीयर, त्यांची कुटुंबं जमली. देविका मिक्सरपाशी उभी राहिली. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं, तेव्हा रमणनं आवाज खाली घेतला नाही. बासवाल्याला त्यानं मूळ चाल म्हणायला सांगितलं होतं, आणि स्वतः रेखाचा वरचा सूर धरला. पुरुषाच्या गळ्याला तो सोसत नव्हता. आवाज चिरकत होता. तरी प्रत्येक ओळीत, प्रत्येक जागी, तो खालून चढत तिथे जाऊन उभा राहत होता. कुठेच फट ठेवत नव्हता.

पलीकडे ती होती. देविकाला जाणवलं. एका ओळीच्या शेवटी सूर उमटला, अर्धवट, दाराशी कोणी अडखळावं तसा. मिक्सरवर तिसऱ्या माईकच्या चॅनलचा एक हिरवा दिवा लागला. रमणनंही ते ऐकलं असणार, कारण त्याचा हात तारांवर क्षणभर थबकला. डोळे घट्ट मिटून त्यानं तीच ओळ पुन्हा म्हटली, अधिक जोरात, तिची जागा पूर्ण भरून. दिवा विझला. बंटीनं कानावरचा हेडफोन काढला आणि तो तसाच हातात धरून बसला.

गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या, बेताच्याच. रहिमा पुढे आली. काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं, आणि रमणचा चेहरा बघून नुसतं "शुक्रन" म्हणून बाजूला झाली.

परतीच्या रस्त्यावर डावीकडे समुद्र होता आणि उजवीकडे डोंगर तांबूस होत चालले होते. मागच्या सीटवर यशश्री बराच वेळ खिडकीला डोकं टेकून बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "तू आईचा पार्ट गायलास."

"हो."

"तिच्यासारखाच. ते खालून वर जाणं." तिनं शब्द शोधले. "मला ते ऐकू आलं."

थोड्या अंतरावर पेट्रोल पंप आला, तिथे रमणनं गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरून पंपाच्या पलीकडे, जिथे खडी संपून मोकळं रान सुरू होत होतं, तिथे पाठमोरा जाऊन उभा राहिला. यशश्रीनं देविकाकडे बघितलं.

"जा," देविका म्हणाली.

मुलगी खडीवरून चालत गेली आणि बापाशेजारी उभी राहिली. थोड्या वेळानं ती दोघं काहीतरी बोलू लागली. गाडीच्या काचा वर होत्या. आत बसलेल्या देविकाला त्यातलं काही ऐकू आलं नाही.