सात घरांच्या ओळीतली तिसरी भिंत

मित्रांनो, मी दोन घरांना मिळून एकच असलेली भिंत आहे, आणि फार जुनी आहे. एक हाक माझ्यात अडकली. तो सल कोणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

जवळा बाजार या गावात निजामाच्या काळी एका कापूस व्यापाऱ्याने आपल्या माणसांसाठी सात घरं एका ओळीत बांधली. ओसरी एक, छपराची रेघ एक, सातही दारं एका मापाची. लांबून सगळी मिळून एकच हवेली वाटे! सात घरं सुटी बांधली तर बाजूच्या चौदा भिंती लागतात. भावसिंग गवंड्याने त्या आठांत भागवल्या. दगड, पांढरी माती, वरून चुना. त्यांतली तिसरी मी, चांगली हातभर जाड. माझ्या पोटात त्याने आरपार कोनाडा ठेवला. चुलीला विस्तव, दुधाला विरजण, सगळं त्यातून इकडून तिकडे जाई. लोक म्हणत, "भिंत असावी तर अशी!" मी फुगून गेले होते, खोटं कशाला बोलू?

पुढे ओळीचं रूप गेलं. कोणी शटर बसवलं, कोणी स्लॅब टाकला, एकाने तर आपला तुकडा पोपटी रंगवला. माझा कोनाडा मात्र चालू होता. त्याच्या एका बाजूला पंचफुलाबाई राहते, दुसऱ्या बाजूला तरुण सत्यशीला.

एके दिवशी पंचफुलाबाई बहिणीशी बोलून गेली, "सत्यशीलाच्या हातचं विरजण लागत न्हाई बघ. त्या हातालाच बरकत न्हाई."

शब्द कोनाड्यातून जसेच्या तसे पलीकडे गेले. सत्यशीलाचं तान्हं लेकरू त्याच महिन्यात गेलं होतं. ते शब्द मी अडवायला हवे होते, पण मला मेलीला कुठली अक्कल! दुसऱ्याच दिवशी तिने विटा आणून सिमेंटने कोनाडा बुजवला. दोन वर्षं दोघी बोलल्या नाहीत.

मागच्या बाजाराच्या दिवशी पंचफुलाबाई स्वयंपाकघरात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. नवरा मुंजाजी शेतात, मोबाईल फळीवर, बाहेर बाजाराचा कालवा. ती माझ्याकडे तोंड करून ओरडत राहिली, "सत्यशीले! अगं सत्यशीले, ये गं!" सकाळपासून दुपारपर्यंत ओरडली. पलीकडे सत्यशीला भाकरी थापत होती. नको तो बोल पोचवणारी मी, त्या दिवशी ठार मुकी झाले. मुंजाजी जेवायला आला तेव्हा कुठे कळलं.

ती दवाखान्यातून घरी आली, तेव्हा सत्यशीला दारात उभी राहून ढसाढसा रडली. "काकू, कोनाडा म्या बुजवला. तुमची हाक मला ऐकू आली न्हाई."

"काहून रडून राहिली, येडे?" पंचफुलाबाई म्हणाली. "म्या तुला हाक मारलीच न्हाई. कोणत्या तोंडानं मारू?"

सत्यशीलाने डोळे पुसले आणि ती आत चहा ठेवायला गेली.

मित्रांनो, शेजारचं दार फार वेळ उघडलं नाही, तर भिंतीच्या भरवशावर बसू नका. उठा, जा आणि कडी वाजवा. आणखी एक विनंती. पंचफुलाबाई खोटं बोलली हे मला ठाऊक आहे आणि आता तुम्हाला. कधी सत्यशीला भेटली, तर तिला ते सांगू नका.