बोटांवरचा भरवसा

बसस्थानकाची स्वच्छतागृहं बावीस वर्षं लखलखीत ठेवणाऱ्या मावशीला उतारवयात शाळेत बसवलं, तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना. सफाईचं कंत्राट घेतलेल्या कंपनीने नवा नियम काढला होता. तीन दिवस प्रशिक्षण, शेवटी परीक्षा, आणि प्रमाणपत्र मिळालं नाही तर पुढच्या महिन्यापासून घरी. घरात कमावणारी ती एकटीच.

"आता माशाला पोहायला शिकवणार म्हणे," ती पहिल्या दिवशी पुटपुटली. शिकवणाऱ्या बाई तर तिच्या लेकीच्या वयाच्या. पण बेसिनचं फडकं वेगळं, संडासाचं वेगळं, आणि कमी घाण असेल तिथून सुरुवात, हे बाईंनी समजावलं तेव्हा मावशीने मनातल्या मनात कान पकडले. इतकी वर्षं ती आधी संडास आणि मग बेसिन करत आली होती, तेही एकाच फडक्याने.

परीक्षेत तिने संडासाचं भांडं असं घासलं की बघत राहावं. मग सवयीने हातमोजा काढला आणि उघडी बोटं भांड्याच्या कडेखालून फिरवली.

"थांबा! उघडा हात आत गेला की नापास," बाई म्हणाल्या.

मावशीच्या पायांखालची जमीन सरकली. "अहो, बोटांना कळतं काही राहिलंय का ते. चकाचक आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"कडेखालचं दिसतं कुठे? तिथे आरसाच लागतो." बाईंनी दांडीला लावलेला छोटा आरसा पुढे केला.

मावशीने वाकून पाहिलं. पिवळट रेघ आरशातून तिला वाकुल्या दाखवत होती.

बाईंनी तिला साबणाने हात धुवायला लावले आणि मग ते हातात घेऊन निरखले. ॲसिडने कातडी पार निबर झाली होती. "या बोटांना आता कळणार नाही, मावशी. डॉक्टरांना दाखवा. आणि जेवून या, अजून एक संधी आहे."

दुपारी मावशीने आरसा तीनदा फिरवला. हातमोजा काढला नाही. पास झाली.

प्रमाणपत्र देताना बाईंनी हात पुढे केला. मावशीने आपला मागे नेला, चारचौघांत ती तो नेहमीच लपवायची. बाई तशाच हात पुढे धरून उभ्या राहिल्या.

"बाई, माझे संडास बावीस वर्षं सगळ्यांनी तपासले," मावशी म्हणाली. "माझे हात पहिल्यांदा तुम्ही बघितलेत. हे उपकार मी कसे फेडू?"

"हातमोजे घालून," बाई म्हणाल्या.

मावशी रडता रडता हसली आणि तिने आपला हात त्यांच्या हातात दिला.