क्लाराच्या हातमोज्यांची लोकर

दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात रेल्वे कंपनीचा डोळे तपासणीचा डबा एल्डन फोर्कला यायचा आणि धान्याच्या कोठाराजवळच्या रुळावर उभा राहायचा. त्याआधीच मिसेस पेकच्या दुकानातली लाल आणि हिरवी लोकर संपलेली असायची. इंजिन ड्रायव्हरांच्या बायका अचानक विणायला बसत. त्या वर्षी गावातल्या कुत्र्यांनाही स्वेटर मिळत. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नसे. डब्यातला डॉक्टर टेबलावर लोकरीच्या लडींचा ढीग ओतायचा, एका रंगाचं नाव घ्यायचा आणि म्हणायचा, त्या रंगाच्या सगळ्या काढा. ज्याला काढता आल्या नाहीत, त्याने इंजिनावरून उतरायचं.

ऑरिन हॅस्केट संध्याकाळची प्रवासी गाडी चालवायचा. शेजारी या नात्याने मी त्याला रोज बघत होतो, पण त्याचे रंग गेलेत हे मलाही कळलं नव्हतं. त्याच्या बायकोला, व्हिनीला, ते उन्हाळ्यातच कळलं. बागेतले टोमॅटो तोडताना त्याने कच्चे आणि पिकलेले एकाच टोपलीत टाकले होते.

तेव्हापासून जेवणं झाली की व्हिनी टेबल पुसायची आणि लोकरी मांडायची.

"काळपट दिसते ती लाल. फिकट ती हिरवी. काढ बघू."

"मी काय पहिलीत आहे?"

"पहिलीतली पोरं पटकन काढतात. तू काढ."

दुकानात गडद लाल मिळाली नाही, म्हणून तिने पेटीतले क्लाराच्या लहानपणचे हातमोजे उसवले होते. क्लारा त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन लिंकनला गेलेली. ऑक्टोबर संपेपर्यंत ऑरिन एकही लड चुकेनासा झाला. व्हिनी निवांत झाली.

मग क्लाराचा निरोप आला. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने ती बाळाला घेऊन येणार होती. बाबांच्याच गाडीने, असं तिने मुद्दाम कळवलं होतं. तपासणी गुरुवारी होती.

सोमवारी सकाळी ऑरिनच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन डेल्बर्ट मागच्या दाराशी आला. आत ये म्हटलं तरी येईना.

"काकू, काका झोपलेत ना?"

"झोपलेत. काय झालं?"

"काल पुलाजवळ सिग्नल लाल होता. मी ओरडलो, तरी यांचा हात हलेना. शेवटी बाही ओढली." त्याने टोपी डोक्यावरून काढली, परत घातली. "दिवसा सिग्नलच्या खांबावरचा हात वर-खाली झालेला दिसतो, तेव्हा काळजी नाही. पण अंधार पडल्यावर नुसता दिवाच असतो. मी कोळसा टाकत असलो तर कोण बघणार?"

"कुणाला बोललास?"

"तुम्हालाच. पण शनिवारी मी नाहीये. दुसरा पोऱ्या आहे."

दुपारी तिने ऑरिनपाशी विषय काढला. आता पुरे, आपण होऊन उतर, म्हणाली.

"उतरून काय करू? शेडमध्ये राख उपसू? लोक कीव करतील, ती तू ऐक." त्याने ताट बाजूला सारलं. "मी पास होणार आहे. तूच तर शिकवलंस."

ते खरं होतं. तो पास झाला असता. सोमवारी रात्रभर व्हिनीला एवढंच दिसत राहिलं: लाल दिवा, त्याचा न हललेला हात, आणि मागच्या डब्यात बाळाला मांडीवर घेऊन बसलेली क्लारा. इतके महिने त्या डब्यांत दुसऱ्यांच्या मुली बसत होत्या, हेही त्याच रात्री तिच्या मनात आलं. तिने ते पुढे माझ्या बायकोला सांगितलं, म्हणून मला माहीत.

मंगळवारी तिने लोकरी मांडल्या आणि उसवलेल्या हातमोज्यांची लड त्याच्या हातात दिली.

"यंदा डॉक्टरकडे नव्या लडी आल्यात म्हणे. मिसेस पेक सांगत होती. या वेळी काळपट ती हिरवी. ही बघ, अशी."

ऑरिनने लड बोटांत धरली. बराच वेळ धरली.

"ही हिरवी?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. बुधवारीही तो तसंच शिकला. एकदाही वाद घातला नाही.

गुरुवारी बायका कोठाराच्या आडोशाला उभ्या होत्या. वारा बोचत होता.

"व्हिनी, यंदा कुणासाठी विणलंस गं?" एकीने टोमणा मारला.

"क्लाराच्या बाळासाठी."

"आणि आमच्या बाळाचं वजन दोनशे पौंड!" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. व्हिनीने डब्याच्या दारावरची नजर काढली नाही. ऑरिन आत जाऊन किती वेळ झाला, हे तिला कळेना. आता तर तो पास व्हावा, असंही तिला मधूनच वाटत होतं.

ऑरिन बाहेर आला. खालच्या पायरीवर थांबून त्याने टोपी घातली.

घराच्या वाटेवर अर्ध्यात तो बोलला.

"डॉक्टरने हिरव्या मागितल्या. मी काळपट काळपट सगळ्या काढून दिल्या."

व्हिनी चालत राहिली.

"ते हातमोजे मला डोळे बांधले तरी कळतील. हिवाळाभर तो हात धरून पोरीला शाळेत मीच सोडायचो. मंगळवारी तू तीच लोकर देऊन हिरवी म्हणालीस."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू आजवर मला एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हतीस. म्हटलं, हिला एवढी भीती वाटतेय, तर मलाही वाटायला हवी."

शनिवारी अंधार पडल्यावर दोघं फलाटावर उभी होती. लांब पुलाजवळ दिवा दिसत होता.

"कोणता आहे?" ऑरिनने विचारलं.

"हिरवा."

"नक्की?"

"हिरवाच आहे, ऑरिन."

शिटी वाजली. शिटी ओढण्याची ती ढब परक्या हाताची होती. ऑरिनने मान हलवली, पण इंजिन फलाटाला लागेपर्यंत तो दिव्याकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.