देवळाचा चंदेरी रंग

योगराज तिसऱ्यांदा त्या गावात पोचला, तेव्हा महादेवाचं देऊळ भांड्यासारखं चकाकत होतं.

त्यानं मोटारसायकल कडुनिंबाखाली लावली, कॅमेऱ्याची बॅग उतरवली आणि पारावर बसला. उठावंसंच वाटेना. पहिल्या खेपेला आभाळ भरून आलेलं, दुसऱ्या खेपेला भिंतींना लगटून लग्नाचा मांडव. आज धान कापून झालेलं, आभाळ स्वच्छ. दगडातली बारीक रेघही उठवून दाखवणारं सकाळचं तिरपं ऊन होतं. आणि समोर पायथ्यापासून कळसापर्यंत चंदेरी ऑइलपेंट.

"कसं दिसून राहिलं साहेब?" देवस्थान समितीचे सेवकराम लगबगीनं आले. नखांत अजून रंग होता. "तुमी येनार म्हनून फोन केला, अन् चार दिवस खपलो. देवाले मळक्या कपड्यात कायले उभं करा?"

"दगडावरचं कोरीवकाम पाहिजे होतं, सेवकरामजी."

"मंग खालती दगडच हाये ना! कुठी गेला?"

पारावरचा चैतराम खोकत हसला. "साहेब, नवरीचा फोटो आंघोळीच्या आधी काढतेत काय?"

योगराजही हसला. रागवायलासुद्धा त्राण लागतं. सोमवारपर्यंत कोरीवकामाचे फोटो गेले नाहीत, तर जुन्या वास्तूंच्या यादीत हे देऊळ येणार नव्हतं. आणि यादीत आलं नाही, तर माघात ते पाडून सिमेंटचं बांधायचं समितीनं ठरवलं होतं. जुनंच राहू द्या म्हणून भांडणारे एकटे सेवकराम. रंगही त्यांनीच आणलेला.

आलोच आहोत तर एक चक्कर मारू, म्हणून तो उठला. दक्षिणेच्या बाजूला वळला आणि थबकला.

त्या भिंतीला रंग लागलाच नव्हता. हंसांची ओळ, वर केस पिळणारी बाई, तिच्या बोटांतून गळणारे थेंबसुद्धा दिसत होते. भिंतीला उजवा तळवा लावून एक म्हातारी सावकाश प्रदक्षिणा घालत होती. एका दगडाशी ती थांबली, कपाळ टेकवलं, पुढं गेली. तेवढा दगड गुळगुळीत झाला होता.

"हे नंदामावशीनं रंगवू नाई देल्लं," सेवकराम ओशाळून म्हणाले. "लय भांडली. फोटोत नोका घेऊ इकडची बाजू."

"भांडली नाई बापा," फेरा घेऊन परत आलेली नंदाबाई हळूच म्हणाली. "माहा रोजचा नेम हाये. अकरा फेरे, अन् इथं डोकं टेकवाचं. रंग ओला असला त कशी टेकवू? हे म्हनते, चार दिवस थांब. चार दिवस देवाले काय सांगू?"

"किती फेरे राहिले मावशी?" योगराजनं विचारलं.

"पाच."

"मावशी, बस जरासी! साहेबाले फोटो काढू दे!" सेवकराम ओरडले.

"नका थांबवू," योगराज म्हणाला. "चालू द्या त्यांचं."

त्यानं कॅमेऱ्याची तिवई रोवली. नंदाबाई कोपऱ्याआड जायची, तो फोटो घ्यायचा. ती यायची, कपाळ टेकवायची, तो उन्हाला डोळ्यांवर हात आडवा धरून उभा राहायचा. ऊन वर चढत होतं. तिचा अकरावा फेरा झाला तोवर हंसांच्या सावल्या पुसट झाल्या होत्या. पण भिंत कॅमेऱ्यात आली होती.

रंगानं कोरीवकामच झाकलं गेलं, हे सेवकरामांना आता उमगलं होतं. "बाकीचा रंग खरवडून टाकू काय?"

"हात लावू नका. रंगासोबत दगडाची कपची निघेल. तो काढणारी माणसं वेगळी असतात."

"एका भिंतीवर होईल काय काम?"

"माहीत नाही. आज पाठवतो. लिहितो, उरलेलं रंगाखाली शाबूत आहे, येऊन पाहा." त्यानं बॅगेची चेन ओढली आणि तिथेच पायरीवर बसला. "मलाही परत यावं लागेल."

सेवकराम शेजारी टेकले. बराच वेळ नखांतला रंग कोरत राहिले.

"या मंग," ते म्हणाले. "पन आधी फोन नोका करू."