नाव न टाकलेलं झाकण

मित्रांनो, मी एक जुनं मशीन आहे. भांड्यांवर नाव टाकायचं. दिसायला जाडजूड पेनासारखा, मागे वायर, पुढे पोलादाचं टोक. बटण दाबलं की मी थरथरतो आणि टर्र टर्र करत स्टीलवर अक्षरं उमटवतो. माझा आवाज कानाला गोड नाही, हे मला ठाऊक आहे. पण धरणगावच्या बाजारात निम्म्या घरांच्या ताट-वाट्यांवर जी नावं आहेत, ती माझ्या तोंडून उमटलेली आहेत. तेव्हा थोडा तोरा मिरवला तर रागावू नका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती सरदारचाचांच्या हाताची. आपल्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर, एका गोणपाटावर ते बसत. त्याआधी ते छिन्नी-हातोडीनं नावं घालायचे. मला जळगावहून आणलं त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी स्वतःच्या चहाच्या कपबशीतली स्टीलची बशी पुढे ओढली आणि तिच्यावर नातीचं नाव कोरलं, सदफ. ती तेव्हा पाळण्यात होती.

आमच्याकडे गावजेवण म्हटलं की वरण-बट्टी, आणि थंडीत शेतात वांग्याच्या भरताच्या पार्ट्या. पंगत मोठी, भांडी घरोघरची. कोणाची परात कोणाकडे गेली याचा पत्ता लागत नाही. अशा वेळी माझी किंमत कळते. मंजुळाबाईंची परात एकदा लग्नातून हरवली ती तीन वर्षांनी साक्रीला त्यांच्या जावेच्या माहेरी सापडली. नाव होतं म्हणून घरी आली. त्या दिवशी मंजुळाबाईंनी आम्हाला गूळ-शेंगदाणे आणून दिले. अर्थात खाल्ले ते चाचांनी.

पुढे दिवस पालटले. लोक भांडी घरपोच मागवू लागले, नाव टाकायला कोणी येईना. माझ्या वायरीला चिकटपट्ट्या लागल्या आणि मी पत्र्याच्या डब्यात पडून राहू लागलो. चाचांना वाईट वाटायचं. मग सदफनं त्यांना फोनवर स्टेटस टाकायला शिकवलं. झालेल्या प्रत्येक कामाचा फोटो स्टेटसवर. त्यावर चार गिऱ्हाइकं खरंच आली, आणि चाचांना त्याचं वेडच लागलं.

अशात एके सकाळी पुनम आली. कौतिकभाऊंची मुलगी, भरतकामाचे नमुने कम्प्युटरवर काढून परदेशी विकते. तिच्या हातात एक स्टीलची ताटली होती आणि घडी घातलेला कागद. कागदावर इंग्रजीत पंचवीस शब्द. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

“हाई काय शे बेटा? कविता शे का?” चाचांनी विचारलं.

पुनम हसली. म्हणाली, ही माझ्या पाकिटाची किल्ली. तिची परदेशी गिऱ्हाइकं तिला इंटरनेटवरच्या एका खासगी नाण्यात पैसे देत. कोणी कोणाला किती दिले, हे त्या नाण्यात बाहेरच्याला दिसत नाही. हे पंचवीस शब्द ओळीनं ज्याच्याकडे, पाकीट त्याचं. हरवले तर बँक नाही, साहेब नाही, तक्रार नाही. कागदाला वाळवी लागते, म्हणून ताटलीच्या पाठीवर कोरून हवे होते.

एवढी लपवालपवी कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण गेल्या वर्षी तिच्या आईला, यशोदाबाईंना, एका अनोळखी माणसाचा फोन आला होता. त्याला त्यांचं नाव, गाव, नवऱ्याचं नाव, बँक, सगळं ठाऊक होतं. इतकं ठाऊक असणारा माणूस आपल्यातलाच, असं समजून बिचारीनं ओटीपी सांगितला आणि खातं रिकामं झालं. तेव्हापासून पुनम आपलं काहीही उघड्यावर ठेवत नसे. कमाई प्रामाणिक होती, कर ती भरत होती. घराचं दार लावून घेणारा प्रत्येक जण चोर नसतो, मित्रांनो. त्या पैशातून तिला भरतकामाचं मोठं मशीन घ्यायचं होतं, म्हणजे माझी धाकटी बहीणच म्हणा ना. दोन वर्षांची मेहनत त्या पंचवीस शब्दांमागे होती.

चाचांना इंग्रजी वाचता येत नाही. ते अक्षर चित्रासारखं बघून काढतात. म्हणून तर ती निर्धास्त होती. जाताना एवढंच म्हणाली, “चाचा, हाई कोनले दखाडानं नई.”

“मी कोनले कसाले दखाडू?” चाचा म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

काम सुरेख झालं. पण चाचांची सवय जुनी. पंचवीस शब्द झाल्यावर त्यांनी खाली, मोफत, प्रेमानं, पुनमचं पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल नंबर घातला. हल्ली ताट हरवलं तर फोन करता यावा म्हणून सगळेच नंबर टाकतात. मग ताटली उन्हात धरून फोटो काढला आणि स्टेटसवर चढवला, ‘इंग्रजी काम पण होईल’. ताटली त्यांनी कोणाच्या हातात दिली नव्हती. त्यांच्या हिशेबी शब्द पाळला होता. आणि खरं सांगतो, त्या फोटोत मीही कोपऱ्यात होतो आणि खूश होतो.

दुपारी पुनम ताटली न्यायला आली, त्याच वेळी शेजारचे भाईदास नाना ओट्याशी थांबले. “चाचा, तुमनं इंग्रजी काम भारी शे. मी स्टेटसवर देखं. मना भाचा पुण्याहून इचारी ऱ्हायना, हाई ताटली कोनी शे?”

पुनमनं ताटली उलटी करून पाहिली, शब्दांखाली तिचं नाव आणि नंबर. “चाचा, तुम्ही हाई स्टेटसले टाकं?”

“आपलाच लोके देखतस ना, बेटा.”

“आपलाच लोके बठ्ठासले फॉरवर्ड करतस, चाचा.”

फोटो सगळ्यांकडे पोहोचला तर पाहणारा कोणीही पाकीट रिकामं करू शकतो, हे तिनं समजावून सांगितलं तसा चाचांचा चेहरा उतरत गेला. स्टेटस पुसताना त्यांचा अंगठा तीनदा चुकला. सेहेचाळीस जणांनी पाहिलं होतं. तेवढ्यात पुनमचा फोन वाजला, अनोळखी नंबर. तिनं उचलला नाही. ते नाणं तोंड मिटून बसणारं होतं हो, तोंड उघडलं ते आम्ही.

शब्द बदलता येत नाहीत, पण पैसे दुसऱ्या पाकिटात हलवता येतात, दुसरा कोणी पोहोचायच्या आत. पुनम तिथेच दुकानातल्या पंख्याखाली बसली. नवं पाकीट, नवे पंचवीस शब्द. रेंज येत होती, जात होती. पडद्यावरचं चाक फिरत होतं. फोन पुन्हा वाजला, तोच नंबर. चहा आला आणि तसाच थंड झाला. चाचा हात जोडून बसले होते, कोणासमोर ते त्यांनाच ठाऊक. इतकी वर्षं मी नावं टाकली, आणि त्या अर्ध्या तासात मला वाटलं, ते एक नाव टाकताना माझी वायर तुटली असती तर बरं झालं असतं.

“गये,” पुनम हळूच म्हणाली. “जितलं व्हतं तितलं बठ्ठं नवा पाकीटमा गये.”

चाचांनी डोळे पुसले. “बिगर नावनं भांडं मी कधी दिधं नई, बेटा. मनी चूक व्हयनी.”

ती रागावली नाही. उलट म्हणाली, चूक माझीच, स्वतःची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली. मग तिनं दुकानातून एका डब्याचं झाकण विकत घेतलं. चाचांनी मला उचललं, फडक्यानं पुसलं आणि तिच्या हातात दिलं. आजवर त्यांनी मला कोणाच्या हातात दिलं नव्हतं. “आते तू कोर. मी तिकडे तोंड करीसन बठस.”

आणि ते खरंच रस्त्याकडे तोंड करून बसले. कोणी गिऱ्हाईक आलं की दुकान बंद आहे म्हणून सांगायचे, दार सताड उघडं असताना. पुनमचा हात कच्चा. अक्षरं वेडीवाकडी आली. पण त्या झाकणावर ना नाव, ना गाव, ना नंबर. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं बिननावाचं काम.

ती जुनी ताटली आता पुनमच्या घरी जेवणात असते. तिच्यावरच्या शब्दांमागे आता फुटकी कवडी नाही. थंडीतल्या पार्टीत ती गावभर फिरते आणि नाव असल्यामुळे बिनचूक घरी येते. घासणारी कोणी विचारते, मागे हे काय लिहिलंय? यशोदाबाई लेकीच्या कौतुकानं, ऐटीत सांगतात, “मनी आंडेरनी कविता शे ती.”

चाचांनी आता ‘विचारल्याशिवाय फोटो नाही’ अशी एक पाटी लावली आहे. स्टेटसवर फोटो टाकण्याआधी ते गिऱ्हाइकाला विचारतात. कोणी नंबर टाकायला सांगितलं तर दोनदा विचारतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या मशीनला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, वायर पिळू नका. ताटावर नाव जरूर टाका, ते घरी परत यायला हवं. पण जे घराबाहेर जायलाच नको, ते माझ्याकडेही आणू नका, स्वतःच्या हातानं लिहा.

ते नवे पंचवीस शब्द पुनमखेरीज एकालाच ठाऊक आहेत, मला. माझी सगळी कहाणी मी तुम्हाला सांगितली. ते झाकण कोणत्या डब्यावर आहे, ते मात्र विचारू नका.