ताकावर पोसलेली माती

"काकू, आत पाऊल टाकायचं न्हाय. बाईमाणसाला हौद्यात बंदी हाय, इसरलासा काय?"

रवळू हे बोलला तेव्हा त्याचा गुडघा जयाबाईच्या नवऱ्याच्या छातीवर होता. मष्णू वस्ताद तालमीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत उताणा पडला होता, आणि ज्या पोराला त्यानं लंगोट बांधायला शिकवला, तेच पोर त्याच्या तोंडावर बुक्क्या हाणत होतं.

"तालमीची किल्ली दे, म्हाताऱ्या."

वस्तादानं किल्ली मुठीत आवळून धरली. मग रवळूच्या एका माणसानं लाकडी गदा उचलली आणि त्या मुठीवर घातली. हाडं वाजली, मूठ उघडली.

आणि जयाबाई? ती ताकाची कळशी कमरेवर घेऊन उंबऱ्याबाहेर ओरडत उभी. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवायची तालमीची रीत, आणि ताक कायम जयाबाईच्या म्हशीचं. कळशी उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं फिरायचं, हे लग्न होऊन आली तेव्हाच सासूनं बजावलं होतं. ते इतकं अंगात मुरलेलं, की नवरा डोळ्यांदेखत मार खात असताना तिचं पाऊल उचललं नाही. आता याला काय म्हणावं? जळो ती रीत.

वस्ताद कुणी व्हायचं ते गाव ठरवतं, दसऱ्याला फेटा बांधून. रवळूला तेवढा दम नव्हता. पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. तालीम ज्याची, गावातली पोरं त्याची.

बेळगावच्या दवाखान्यात वस्तादाचा जबडा तारेनं बांधला. त्यातूनच तो पुटपुटला, "बरं केलंस. आत आली न्हाईस."

त्यापेक्षा बुक्की बरी, असे ते शब्द तिला लागले. बाहेरच्या बाकड्यावर बसून तोंडात पदर कोंबून ती रडली.

शनिवारी ती गावात आली, तर चौकात रवळूचा भला मोठा फलक. 'वस्तादपदाचा कार्यभार स्वीकारल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' तालमीत सत्कार चाललेला. रवळूनं खुर्ची मातीतच मांडली होती, डोक्याला फेटा, पायात बूट. दाराशी सगळं गाव गोळा झालेलं. पंच यल्लाप्पानं तिला बाजूला घेतलं.

"जयाक्का, झालं गेलं गंगेला मिळालं. पोरानं तालीम चालवाय घेतली, असं म्हणू."

"तुमचा बांध फोडून कुणी तुमच्या रानात नांगर घातला, अण्णा, तर काय म्हणशीला? रान कसायला घेतलं?"

यल्लाप्पा टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"बळकावलं म्हणशीला. पोलिसात जाशीला. मग हितंच त्यो शब्द का सापडंना?"

आतून रवळू हसला. "काकू, ताक आणलासा काय? माती वाळाय लागलीया."

"वस्ताद गाव करतं रं. तुला कुणी केलं न्हाय. तू माणसाची हाडं मोडून तालीम बळकावलीस."

दारातल्या त्याच्या माणसानं तिच्या कानाखाली ओढली. ओठ फुटला, हनुवटीवरून रक्त ओघळलं. गर्दीत कुणी हललं नाही. ज्यांच्या घरी तिनं बाळंतपणात राबून दिलं होतं, तेसुद्धा जमिनीकडं बघत राहिले. तिला त्या सगळ्यांची शिसारी आली.

जयाबाईनं चपला काढल्या, उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या आणि आत पाऊल टाकलं.

"काकू..." रवळू खुर्चीतून अर्धा उठला. त्याची नजर कोनाड्यातल्या मारुतीकडं गेली आणि तो तसाच थांबला. तिला अडवायचं कसं, हे त्याला कुठल्याच वस्तादानं शिकवलं नव्हतं.

हौद्याच्या मधोमध नवऱ्याचं मुंडासं तुडवलेलं पडलं होतं, वाळल्या रक्तानं कडक झालेलं. तिनं ते उचललं, झटकलं, पदराखाली घेतलं.

उभा जन्म जिला ताक पाजलं, ती माती पायाला कशी लागते हे तिला आज कळलं. लई मऊ होती.