बोळातलं तिसरं दार

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना पत्रा आहे. युरोपातल्या फ्लँडर्स प्रांतातल्या आमच्या गावाचं नवं नगरभवन माझ्या अंगावर कोरलेलं आहे, तेही उलटं. शाई भरून कागदावर दाबलं, की ते सुलटं उमटतं.

गिलिस नावाच्या कारागिराने मला ठोकून सपाट केलं, कोळशाने घासून लख्ख केलं. मग हिवाळाभर तो माझ्यावर वाकून बसला. खांब, खिडक्या, कौलं, सगळं जिथल्या तिथं. मी अगदी फुगून गेलो होतो. शेवटी मासळीच्या बोळात उघडणारं एक बारकं दार तेवढं राहिलं.

“अहो, ते कशाला दाखवता?” त्याची बायको मायकेन म्हणाली. “गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही ते.”

काम बघायला आलेले नगराध्यक्ष रोम्बाउट हसले. “वहिनी, शेजारच्या गावाच्या भवनाला दोनच दारं. आपली तीन आहेत, ती काय पदराखाली झाकायची? कोर रे गिलिस.”

गिलिसने कोरलं.

माझे छाप हातोहात खपले. व्यापाऱ्यांनी ते दूरदूर नेले. आमचे लोक पाहुण्यांना बोट ठेवून दारं मोजून दाखवत.

तिसऱ्या वर्षी पगार थकल्याने बिथरलेले सैनिक गावावर चालून आले. लोक बायकापोरांसकट नगरभवनात शिरले. पुढच्या दोन दारांना ओंडके लावून सगळे पुरुष तिथे उभे राहिले. बोळातल्या दारावर एकटा गिलिस. ते बाहेरच्यांना कुठून माहीत असणार?

सैनिक सरळ बोळात आले. मायकेनने वरून पाहिलं, म्होरक्याच्या हातात माझाच छाप होता. गिलिस उंबऱ्यातच पडला. भवन दोन दिवस जळत होतं. मायकेन कशीबशी वाचली.

नवऱ्याचं कोरीवकाम तिलाही येत होतं, म्हणून पुढे शेजारच्या गावचा माणूस तिच्याकडे आला. “मायकेनबाई, तुमचं तर गेलं. आता आमचं कोरा. नवं बांधलंय, चार दारं आहेत, त्यातलं एक बोळात. चारही दिसली पाहिजेत.”

“एक तरी सोडा हो. हात जोडते.”

“म्हणजे लोक म्हणणार, तीनच आहेत.”

तिने काम नाकारलं, पण चूल थंड पडल्यावर मला विकावं लागलं. दुसऱ्या कारागिराने मला पालथा घातला आणि माझ्या पाठीवर ती चार दारं कोरली. ते छापही आता गावोगाव पोचलेत.

मित्रांनो, गावाचं कौतुक जरूर करा. पण घरातलं कुणी ‘हे कशाला दाखवता’ म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका. आणि तुमच्यापैकी कुणी त्या चार दारांच्या गावाकडे जात असेल, तर एवढा निरोप सांगा. बोळातल्या दारावर एकट्या माणसाला उभं करू नका.